सुकी पाने कमअस्सल नसतात

प्रश्न : स. न. वि. वि. मला स्वयंपाकाची मनापासून आवड आहे, परंतु नोकरीमुळे रोज बाजारात जाणे जमत नाही. थाइम, ओरेगॅनो, बेसिल, पार्सली, पुदिना ही पाने मी दुकानातून सुकवलेलीच आणते. आले आणि लसूण यांची पूडही घरात असते. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचे म्हणणे असे की, बरणीतून काढून घातलेला स्वाद हा खरा स्वादच नव्हे, आणि ताजे मिळत असताना सुके वापरणे म्हणजे निव्वळ आळस आहे. तिचे ऐकून मी काही महिने ताज्या जुड्या आणून पाहिल्या. निम्मी पाने फ्रीजमध्ये काळी पडली, आणि काही पदार्थ पूर्वीपेक्षा बेचव झाले. ताज्याच्या जागी सुके घालायचे तर प्रमाण काय धरावे, ते केव्हा घालावे, ताजी जुडी टिकवावी कशी, आणि कपाटात दोन-तीन वर्षे पडून असलेल्या बरण्यांचे काय करावे, हे कृपया सांगावे. मुख्य म्हणजे मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे काही वनस्पतींच्या बाबतीत पूर्णपणे बरोबर आहे आणि काहींच्या बाबतीत तितकेच चुकीचे आहे. पार्सलीबद्दल ती बोलत असेल तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. थाइम किंवा ओरेगॅनोबद्दल बोलत असेल तर तुमच्या. ‘ताजे ते उत्तम, सुके ते दुय्यम’ अशी एकच सरसकट ओळ आखली की दोन गोष्टी नजरेआड होतात. एक म्हणजे प्रत्येक वनस्पतीचा सुगंध वेगळ्या द्रव्यांचा बनलेला असतो आणि वाळताना त्या द्रव्यांचे काय होते हेही वेगवेगळे असते. दुसरी म्हणजे सुक्या पानांना जो कमीपणा चिकटला आहे तो बहुतेक वेळा वाळवण्यामुळे आलेला नसून शिळेपणामुळे आलेला असतो. नुकत्याच खुडलेल्या पानाची तुलना दोन वर्षे चुलीशेजारी तापत राहिलेल्या बरणीशी केली, तर त्यातून सुक्या पानाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

पान वाळते म्हणजे काय होते ते आधी पाहू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ताज्या कोवळ्या पानात वजनाच्या साधारण 80 ते 90 टक्के पाणी असते. सुगंध मात्र अत्यल्प प्रमाणात असलेल्या तेलांमध्ये असतो, आणि ही तेले सहज उडून जाणाऱ्या द्रव्यांची बनलेली असतात. ती उडतात म्हणूनच आपल्याला वास येतो. पान वाळू लागले की पाण्याबरोबर यातील हलकी, चंचल द्रव्येही निघून जातात आणि जड, चिवट द्रव्ये मागे राहतात. ज्या पानाचा स्वभावच हलक्या द्रव्यांनी घडलेला आहे, ते वाळल्यावर गवतासारखे लागते. ज्याचा स्वभाव जड द्रव्यांत आहे, ते पाणी गेल्यामुळे उलट अधिक तीव्र होते. आणि काही वनस्पती अशा आहेत की वाळताना त्यांच्यात नवीच द्रव्ये तयार होतात; त्यांच्या बाबतीत ताजे आणि सुके ही एकाच वस्तूची दोन रूपे न मानता दोन वेगळ्या वस्तू मानाव्यात.

थाइम आणि ओरेगॅनो ही दुसऱ्या प्रकारातील उत्तम उदाहरणे आहेत. थाइममध्ये थायमॉल आणि ओरेगॅनोमध्ये कार्व्हाक्रॉल हे मुख्य सुगंधी द्रव्य असते. ओव्याचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना थायमॉल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण ओव्याचाही प्राण तोच आहे. ही द्रव्ये सुमारे 230 अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतात, त्यामुळे सावलीत वाळवताना ती फारशी हलत नाहीत. रोझमेरी, सेज आणि मार्जोरम यांचीही सुकी पाने विश्वासाने वापरावीत. या बहुतेक वनस्पती मुळातच रखरखीत, उन्हाळी प्रदेशातल्या; त्यांची पाने लहान, जाड किंवा चिवट असतात आणि कोरडेपणात तग धरण्याची त्यांना सवय असते. ओरेगॅनोच्या बाबतीत तर मी सुक्या पानालाच पसंती देते. ताज्या पानातला हिरवट, किंचित कडवट भाग वाळल्यावर मागे पडतो आणि स्वाद गोळीबंद होतो. बे लीफचेही तसेच आहे : ताजे पान कडू लागते, वाळवलेले सौम्य आणि रुचकर.

आता मैत्रिणीच्या बाजूची पाने. पार्सली, कोथिंबीर, चाइव्ह्ज आणि चर्व्हिल यांच्या सुक्या बरण्या घेऊ नयेत, असे मी स्पष्टच सांगते. कोथिंबिरीचा ओळखीचा वास ज्या अल्डिहाइड गटातील द्रव्यांमुळे येतो ती अतिशय चंचल असतात. ती वाळताना उडतात, बदलतात, आणि मागे उरतो तो हिरवा चुरा. याच झाडाचे वाळलेले फळ म्हणजे धने. त्यांचा सुगंध मुख्यतः लिनालूल या वेगळ्याच द्रव्याचा असतो आणि तो टणक सालीच्या आत सुरक्षित राहतो. म्हणून एकाच झाडाचे पान बरणीत मरते आणि फळ बरणीत टिकते. पण म्हणून कोथिंबिरीच्या जागी धने घालता येत नाहीत, कारण दोहोंच्या वासात साम्य जवळजवळ नाही. कोथिंबीर नसेल तर दुसरे एखादे ताजे हिरवे पान घ्यावे, आणि तेही नसेल तर पदार्थ तसाच वाढावा. गवती चहा आणि कढीपत्ता यांचाही वास वाळल्यावर बराच ओसरतो, मात्र ही दोन्ही पाने गोठवून छान टिकतात.

मधल्या गटाविषयी थोडे तारतम्य लागते. सुका पुदिना हा ताज्या पुदिन्याचा थंडावा आणि ओलसर तजेला देऊ शकत नाही, पण त्याला स्वतःचा एक खोल, किंचित मातकट स्वाद असतो, आणि दही, कडधान्ये किंवा मांसाबरोबर तो फार चांगला जुळतो. सुकी बेसिल दीर्घकाळ शिजणाऱ्या टोमॅटोच्या सॉसमध्ये चालते. कच्च्या टोमॅटोवर ती भुरभुरली तर मात्र निराशा पदरी पडते, कारण तिथे ताज्या पानाचा गोडसर, लवंगेशी नाते सांगणारा सुगंधच हवा असतो. शेपूचे सुके पान दह्यात किंवा लोण्यात अर्धा तास मुरवले तर बऱ्यापैकी जागे होते. सुकी मेथी मात्र स्वतंत्र दर्जाची आहे. ताजी मेथी भाजी म्हणून आणि सुकी मेथी मसाला म्हणून वापरावी. एकीच्या जागी दुसरी घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तुम्ही आल्या-लसणाच्या पुडीचा उल्लेख केला आहे, आणि या ठिकाणी मला जरा थांबून लिहावेसे वाटते, कारण ताजे आणि सुके यांतील खरा फरक जितका आल्यात दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉल नावाच्या द्रव्याचा असतो. आले वाळते तेव्हा त्या द्रव्यातील पाण्याचा अंश निघून जातो आणि त्याचे रूपांतर शोगॉलमध्ये होते, जे जिंजरॉलपेक्षा कितीतरी अधिक तिखट असते. म्हणूनच सुंठेची चिमूट घशाला जाणवते. ताजे आले शिजवले की जिंजरॉलचा काही भाग झिंजेरोन या सौम्य, गोडसर द्रव्यात बदलतो आणि तिखटपणा खाली येतो. लिंबाची आठवण करून देणारा जो ताजा सुवास आल्याला असतो, तो मात्र सुंठेत फार कमी उरतो. म्हणजे एकाच कंदाची तीन रूपे झाली : कच्चे, शिजवलेले आणि वाळवलेले. बिस्किटे, केक आणि गूळ-साखरेचे गोड पदार्थ यांत सुंठ शोभते. परतलेल्या भाज्यांत, सूपमध्ये किंवा मासळीवर ताजे आले हवे. शिवाय ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते, त्यामुळे आल्याच्या रसात मुरवलेले मांस मऊ होते. सुंठ चोळून तसा परिणाम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

लसणाचे गणित वेगळे आहे. लसणाचा तिखट वास अख्ख्या पाकळीत तयार नसतो; पाकळी चिरली किंवा ठेचली की तिच्यातील अ‍ॅलिनेज हे विकर अ‍ॅलिन नावाच्या द्रव्यावर काम करते आणि त्यातून अ‍ॅलिसिन तयार होते. कमी तापमानाला वाळवलेल्या चांगल्या पुडीत हे विकर बऱ्याच अंशी शिल्लक असते, पण त्याला काम करायला पाणी लागते, आणि उष्णतेने ते निकामी होते. लसणाची पूड थेट गरम तेलात टाकली की ती आधी करपते आणि तिचा खरा वास बाहेर येतच नाही, याचे कारण हेच. पूड तिच्याइतक्याच पाण्यात दोन-चार मिनिटे भिजवून मग वापरली तर स्वाद स्पष्टपणे सुधारतो. मांसाला किंवा बटाट्याला बाहेरून कोरडे मसाले चोळायचे असतील तिथे मी ताज्या लसणाऐवजी पूडच सुचवीन, कारण ताजा लसूण भट्टीच्या आचेवर काळा होऊन कडवटपणा सोडतो. मात्र तेलात परतलेल्या लसणाच्या खमंगपणाला पुडीचा पर्याय नाही.

हळद आणि मिरची यांच्याबाबत थोडक्यात सांगते. हळदीचे कंद बाजारात पाठवण्यापूर्वी सहसा उकळून मग वाळवले जातात. त्यामुळे पूड ही नुसती वाळवलेली ओली हळद नसते. रंग देणारे कर्क्युमिन वाळवण्यात टिकते, पण प्रकाशात ते फिकट होत जाते, म्हणून हळद पारदर्शक बरणीत उजेडात ठेवू नये. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो. ते हवेत उडून जात नाही आणि वाळल्यानेही फारसे कमी होत नाही, म्हणून वाळलेली लाल मिरची तिखटच राहते. बदलतो तो सुवास : हिरव्या मिरचीचा कोवळा, हिरवा वास जाऊन पिकलेल्या आणि वाळलेल्या फळाचा, मनुकांच्या जवळ जाणारा खोल स्वाद येतो. ज्या पदार्थाला यातला जो वास हवा तो वापरावा.

मैत्रिणीशी पुन्हा बोलणे झाले तर तिच्यापुढे एक गोष्ट जरूर मांडा. आपण ज्यांना मसाले म्हणतो त्यांतील कित्येक पदार्थांना वाळवण्यातूनच त्यांची ओळख मिळते. मिऱ्यांचे घोस हिरवे असताना तोडतात आणि वाळताना सालीतील विकरांमुळे ते काळे पडतात. तो काळेपणा आणि त्याबरोबरचा सुवास वाळवण्याचीच देणगी आहे. लवंग ही वाळवलेली कळी असते, आणि तिच्या वजनाचा 15 ते 20 टक्के भाग सुगंधी तेलाचा असतो. व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेला जवळजवळ वास नसतो, कारण तिचे व्हॅनिलिन साखरेशी बांधलेले असते. काही महिने चालणाऱ्या वाफवण्या-वाळवण्याच्या प्रक्रियेत ते मोकळे होते. केशराचा ओळखीचा वास ज्या सॅफ्रनालमुळे येतो, ते ताज्या तंतूंत फारसे नसते आणि वाळवताना तयार होते. वाळवणे ही माणसाने शिकलेली एक जुनी, कौशल्याची पाककृती आहे, आणि तिला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता प्रमाणाकडे येऊ. पानांसाठी तीनास एक हा नियम पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो, आणि सुरुवात करण्यासाठी तो चांगला आहे : एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर, चिरलेल्या ताज्या पानांच्या जागी एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, चुरलेली सुकी पाने. पाने चुरलेली नसून पूड केलेली असतील तर अर्धा चहाचा चमचा किंवा त्याहूनही कमी पुरतो, कारण पूड दाबून बसते. हा नियम ताज्या बरणीला गृहीत धरून केलेला आहे. वर्षभर उघडलेल्या बरणीतून तीच मात्रा घेतली तर पदार्थ फिका होईल, आणि सेज किंवा रोझमेरीसारख्या उग्र पानाची नवी बरणी असेल तर तो औषधी लागेल. म्हणून अशा पानांची सुरुवात सांगितलेल्या मापाच्या निम्म्याने करावी आणि चव घेत वाढवावी. कंदांना तीनास एक लागू होत नाही. एका मध्यम पाकळीसाठी चहाच्या चमच्याचा आठवा भाग लसणाची पूड पुरते. एक मोठा चमचा किसलेल्या आल्यासाठी पाव चहाचा चमचा सुंठ धरतात, पण ते माप तिखटपणाचे आहे, सुवासाचे नव्हे. ओल्या हळदीच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकी पूड घ्यावी.

तुमचे काही पदार्थ ताजी पाने वापरूनही बेचव का झाले, याची दोन कारणे मला संभवतात. पहिले म्हणजे तुम्ही सुक्याच्याच मापाने ताजी पाने घातली असावीत. चमचाभर सुक्या थाइमच्या जागी चमचाभर ताजे थाइम घातले तर पदार्थाला एक तृतीयांश स्वादच मिळतो. दुसरे म्हणजे वेळ. सुक्या पानांची सवय झालेला हात पाने सुरुवातीलाच घालतो, आणि बेसिल, पार्सली किंवा कोथिंबीर अर्धा तास उकळत राहिली की तिचा सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो आणि भांड्यात काही उरत नाही. कोवळी ताजी पाने आच बंद करण्याच्या सुमारास किंवा वाढताना घालावीत. रोझमेरी आणि थाइम यांच्या ताज्या काड्या मात्र आरंभीच घालाव्यात आणि शेवटी काढून टाकाव्यात. पार्सली आणि कोथिंबिरीचे देठ फेकू नयेत. त्यांत स्वाद भरपूर असतो आणि ते बारीक चिरून कांद्याबरोबर परतले तर पानांपेक्षा अधिक काळ आच सोसतात.

सुक्या पानांना ओलावा आणि अवधी द्यावा लागतो. ती तळहातावर घेऊन दुसऱ्या तळव्याने चुरावीत, म्हणजे आतील तेलाच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात, आणि पदार्थ तयार होण्याच्या वीस ते तीस मिनिटे आधी घालावीत. सुगंधी द्रव्यांपैकी बहुतेक पाण्यापेक्षा तेलात अधिक सहज विरघळतात, म्हणून मंद आचेवर अर्धा मिनिट तेलात परतून मग पाणी किंवा टोमॅटो घातला तर त्याच चिमटीतून दुप्पट काम झाल्यासारखे वाटते. पाने नाजूक असतात, तेल धुरावलेले असेल तर ती क्षणात कडवट होतात. सॅलडवर सुकी पाने तशीच भुरभुरू नयेत. ती दहा-पंधरा मिनिटे तेल आणि व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजू द्यावीत. आणि बरणी कधीही वाफाळत्या भांड्यावर उलटी धरून झटकू नये. वाफ आत शिरते, पानांना दमटपणा येतो आणि पुढे गाठी किंवा बुरशी धरते. हातावर किंवा चमच्यात काढून घ्यावे.

जुड्या काळ्या पडण्याचा तुमचा त्रास बहुधा दोन चुकांतून आलेला आहे : पाने ओली असताना बंद करणे आणि सगळ्यांना सारखीच थंडी देणे. पार्सली, कोथिंबीर आणि पुदिना यांच्या देठांची टोके कापून जुडी पाण्याच्या ग्लासात उभी करावी, वरून सैल पिशवी घालावी आणि फ्रीजमध्ये ठेवावी. तेवढी जागा नसेल तर कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी. थाइम आणि रोझमेरीला किंचित ओलसर कापड मानवते. बेसिलचा मात्र फ्रीज हा शत्रू आहे. 10 अंशांच्या आसपासच्या थंडीतच तिची पाने डागाळू लागतात, म्हणून ती पाण्यात खोचून बाहेरच ठेवावी. पाने वापरायच्या वेळीच धुवावीत.

जुडी संपणार नाही असे दिसले की तिचे काय करायचे ते त्याच दिवशी ठरवावे. अर्धवट कोमेजल्यावर तिला वाचवण्यात अर्थ नसतो. कोवळी पाने गोठवावीत : बारीक चिरून बर्फाच्या साच्यात भरावीत, वर थोडे तेल किंवा पाणी ओतावे आणि तयार झालेले ठोकळे पिशवीत काढून ठेवावेत. वितळल्यावर पाने मलूल होतात, तेव्हा ती सजावटीसाठी न वापरता शिजवण्यात वापरावीत, पण त्यांचा वास कोणत्याही सुक्या बरणीपेक्षा मूळच्या अधिक जवळ असतो. थाइम, ओरेगॅनो, सेज आणि पुदिना हे घरी वाळवणे सोपे आहे. काड्या सैल बांधून सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी टांगाव्यात; कडक उन्हात रंग आणि तेल दोन्ही जातात. पान बोटांत कुरकुरीत तुटू लागले की ते अख्खेच बरणीत भरावे आणि चुरण्याचे काम वापरायच्या क्षणापर्यंत राखून ठेवावे.

याच संदर्भात एक गोष्ट गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. ताजा लसूण किंवा ताजी पाने तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर ठेवण्याची पद्धत दिसायला आकर्षक, पण धोकादायक आहे. ताज्या वनस्पतीत पाणी असते, तेलाखाली हवा नसते, आणि अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू वाढून जीवघेणे विष तयार करू शकतो. त्याचा वास किंवा चव यांवरून सुगावा लागत नाही. असे तेल घरी केलेच तर फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांच्या आत संपवावे किंवा लगेच गोठवावे. पूर्णपणे वाळलेल्या पानांत पाणी नसल्यामुळे सुगंधी तेल करण्यासाठी तीच अधिक सुरक्षित असतात.

वाळलेला मसाला निर्जंतुक असतो, असे मात्र समजू नये. साल्मोनेलासारखे जिवाणू कोरड्या मसाल्यात वाढत नाहीत, पण दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. शिजवताना घातलेल्या मसाल्याची चिंता करण्याचे कारण नाही. घरात लहान बाळ, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल तर कोरडी पूड तयार अन्नावर वरून भुरभुरण्यापेक्षा ती शिजतानाच घालावी.

राहिला प्रश्न तुमच्या जुन्या बरण्यांचा. अख्खे मसाले साधारण तीन ते चार वर्षे, पुडी दोन ते तीन वर्षे आणि सुकी पाने एक ते तीन वर्षे टिकतात असे सांगितले जाते, परंतु ही टिकण्याची मुदत आहे, बहराची नव्हे. वस्तू कुटली की तिचा हवेशी संपर्क अनेक पटींनी वाढतो. म्हणून जिरे, मिरे, वेलदोडे आणि जायफळ अख्खे आणावेत आणि लागतील तसे कुटावेत किंवा किसावेत. त्यात आणखी एक फायदा असा की अख्ख्या मसाल्यात भेसळ लपवणे पुडीइतके सोपे नसते. पुडी आणि पाने यांच्याकडून मी वर्षभराच्या पुढे चांगल्या स्वादाची अपेक्षा करत नाही. एकेक बरणी उघडून चिमूटभर मसाला तळहातावर चोळा आणि वास घ्या. वास लगेच आणि स्पष्ट आला तर छापील तारीख काहीही असो, बरणी वापरात राहू द्या. वास यायला वेळ लागला पण आला, तर मात्रा वाढवून पुढच्या काही आठवड्यांत ती संपवा. धुळीचा किंवा गवताचा वास आला, रंग करडा झालेला दिसला, तर ती टाकून द्या, कारण अशी चमचाभर पाने पदार्थाला केवळ कचकच देतात. दमट गाठी, बुरशी, जाळी किंवा किडे दिसले तर वास चांगला असला तरी ठेवू नका.

ज्या राहतील त्यांना चुलीच्या वरच्या फळीवरून हलवून बंद, थंड, अंधाऱ्या कपाटात जागा द्या आणि उघडल्याचा महिना झाकणावर लिहा. यापुढे तुम्ही थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी, बे लीफ आणि सुका पुदिना यांच्या लहान बरण्या निर्धास्तपणे घ्याव्यात, आले-लसूण ताजे ठेवून त्यांच्या पुडी ठरावीक कामांपुरत्या राखाव्यात, आणि पार्सलीची बरणी रिकामी झाली की पुन्हा भरू नये. त्याऐवजी महिन्याला एक ताजी जुडी आणून तिचे बर्फाच्या साच्यातले ठोकळे करून ठेवावेत.